यकृतातील चरबी आणि मोजमापाचे अर्थकारण

प्रभादेवीच्या ज्या रस्त्यांवर एके काळी गिरण्यांचे भोंगे लोकांना वेळ सांगत, त्याच रस्त्यांवर आज निदानकेंद्रांच्या पाट्या लोकांना त्यांचे आरोग्य सांगू लागल्या आहेत. सिद्धिविनायकाच्या रांगेतून बाहेर पडून स्थानकाकडे चालू लागले की रक्त, लघवी, हृदय, हाडे अशा सर्व तपासण्यांची 'पॅकेजे' जाहीर करणारे फलक ओळीने दिसतात. अलीकडे त्यांत एका नव्या कलमाची भर पडली आहे. यकृतात चरबी किती, हे चुंबकीय अनुस्पंदनाच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एमआरआयच्या साहाय्याने थेट टक्केवारीत मोजून मिळेल, असे हे फलक सांगतात.

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा जाणकार नाही. तो अर्थशास्त्र शिकवतो. परंतु काय मोजावे, कोणाचे मोजावे, किती खर्चाने मोजावे आणि मोजून झाल्यावर पुढे काय करावे, हे प्रश्न केवळ वैद्यकाचे नाहीत. साधने मर्यादित आणि गरजा अमर्याद, हे वाक्य आम्ही दरवर्षी जूनमध्ये पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो. यकृतातील चरबीच्या मोजमापाला ते जितके लागू पडते, तितके क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडत असेल.

या विषयाकडे लेखक वळला तो स्वानुभवामुळे. वय ४६, वजन ६४ किलो, उंची १७० सेंटिमीटर. चारचौघांत कोणी 'जाडा' म्हणणार नाही असा बांधा. दारूचा आयुष्यात स्पर्श नाही. असे असताना एका नित्याच्या तपासणीत सोनोग्राफी करणाऱ्याने पडद्याकडे पाहत विचारले, "सर, थोडीफार घेता का?" नकार दिल्यावर त्याने अहवालात 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' असे लिहून दिले. 'ग्रेड वन' म्हणजे किती, या प्रश्नावर "थोडे आहे" एवढेच उत्तर मिळाले. शेवटी, काहीशा कुतूहलापोटी आणि काहीशा भीतीपोटी, लेखकाने एमआरआय करून घेतला. आकडा आला १८ टक्के. निरोगी यकृतात तो साधारणपणे ५ टक्क्यांच्या आत असतो.

दोन समीकरणे

हा आकडा येतो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण त्यामागचे मूळ गणित शालान्त परीक्षेपलीकडचे नाही.

आपल्या शरीरातील पाण्यात आणि चरबीत हायड्रोजनचे अणू असतात. त्यांची केंद्रके, म्हणजे प्रोटॉन, बलवान चुंबकीय क्षेत्रात ठेवली की भोवऱ्यासारखी डोलू लागतात. रुग्णालयांत सर्रास आढळणाऱ्या १.५ टेस्ला शक्तीच्या यंत्रात हे डोलणे सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लक्ष फेऱ्यांचे असते. मात्र चरबीच्या रेणूत बसलेला प्रोटॉन पाण्यातील प्रोटॉनपेक्षा किंचित मंद डोलतो. फरक अगदी अल्प आहे. दर दहा लक्ष फेऱ्यांमागे साडेतीन फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सुमारे २२० फेऱ्या. सारी करामत या अल्प फरकाची आहे.

शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती सकाळी दोघे स्नेही एकदम चालू लागले आणि त्यांपैकी एकाची चाल किंचित मंद असली, तर काही वेळाने ते मैदानाच्या समोरासमोरच्या टोकांना दिसतात आणि आणखी काही वेळाने पुन्हा जोडीने. पाणी आणि चरबी यांच्या प्रोटॉनांचे तसेच होते. सुमारे २.३ सहस्रांश सेकंदाने ते परस्परविरुद्ध असतात आणि सुमारे ४.६ सहस्रांश सेकंदाने पुन्हा एकत्र येतात. यंत्र या दोन्ही क्षणी संदेश टिपते. जोडीच्या क्षणी पाणी आणि चरबी यांची बेरीज मिळते, विरोधाच्या क्षणी त्यांची वजाबाकी. समजा, बेरीज १०० आली आणि वजाबाकी ६४. दोन्हींची बेरीज करून निम्मी केली की पाणी ८२. वजाबाकी करून निम्मी केली की चरबी १८. लेखकाच्या यकृताचा हिशेब तो हाच.

ही युक्ती थॉमस डिक्सन यांनी १९८४ मध्ये मांडली. त्याआधी १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुस्पंदनातून चित्र उभे करता येते हे दाखविले होते. लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना त्याबद्दल २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. डिक्सन यांच्या सोप्या गणितात पुढे अनेक दुरुस्त्या कराव्या लागल्या. यकृतात लोह साठले असेल तर संदेश लवकर विझतो आणि हिशेब चुकतो. म्हणून आता दोनाऐवजी बहुधा सहा क्षणी संदेश टिपतात आणि विझण्याचा वेग वेगळा काढतात. चरबीचा संदेशही एकसुरी नसतो, त्यात अनेक सूर असतात. त्यांचाही विचार करावा लागतो. पण रुग्णाच्या दृष्टीने सारे काम एका श्वासाचे. वीस सेकंद श्वास रोखून धरावयाचा, की संपूर्ण यकृताचा नकाशा तयार. त्यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही.

क्रम आणि संख्या

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना उपयोगितेच्या मोजमापाचा जुना वाद ठाऊक असतो. समाधानाचा केवळ क्रम लावता येतो, की ते संख्येत मोजता येते? सोनोग्राफी क्रम लावते. ती 'थोडे', 'मध्यम', 'फार' असे सांगते. आणि हे सांगणे पाहणाऱ्याच्या नजरेवर पुष्कळसे अवलंबून असते. चरबी २० टक्क्यांहून कमी असेल तर ती सोनोग्राफीच्या नजरेतून अनेकदा निसटते. एमआरआय संख्या देते, आणि आज मुंबईत आलेली संख्या उद्या नागपुरातील यंत्रावर घेतली तरी ती फारशी बदलत नाही.

यापूर्वी खात्रीचा मार्ग एकच होता, तो म्हणजे बायॉप्सी. बरगड्यांमधून सुई घालून यकृताचा तुकडा काढावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा. हा तुकडा संपूर्ण यकृताच्या सुमारे पन्नास हजारावा भाग असतो. एवढ्याशा नमुन्यावरून सर्व यकृताचा अंदाज बांधणे म्हणजे दादरच्या एका बिऱ्हाडाच्या खर्चावरून एका मोठ्या शहराची राहणी ठरविण्यासारखे आहे. शिवाय वेदना आणि रक्तस्रावाचा धोका असतोच.

म्हणून काही कामांत या मोजमापाला तोड नाही. आपल्या देशात यकृताचे प्रत्यारोपण बहुतांशी जिवंत दात्याकडून होते. कोणाची बहीण, कोणाचा मुलगा आपल्या यकृताचा भाग देतो. त्या दात्याच्या यकृतात चरबी किती, हे शस्त्रक्रियेपूर्वी नेमके कळणे दोघांच्याही जिवाशी निगडित असते. नवीन औषधांच्या चाचण्यांतही तेच. चरबी मुळापेक्षा निदान ३० टक्क्यांनी घटली की औषधाचा काही परिणाम होत आहे असे मानण्याचा प्रघात पडला आहे. आणि अशी घट डोळ्यांच्या अंदाजाने पकडता येत नाही. लेखकाचेच उदाहरण घेतले तर नऊ महिन्यांत त्याने चार किलो वजन उतरविले आणि चरबी १८ वरून ११ टक्क्यांवर आली. सोनोग्राफीचा अहवाल मात्र तोच राहिला : ग्रेड वन.

पुण्याचे दोन धडे

दारिद्र्य मोजण्याच्या इतिहासात पुण्याचे स्थान मोठे आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला आणि दर माणशी दिवसाला २,२५० कॅलरींचा आहार हा निकष धरून दारिद्र्याची रेषा ओढली. त्या पिढीपुढे प्रश्न होता पोटात किती जाते याचा.

त्याच पुण्यात के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नंतरच्या काळात दुसरा प्रश्न विचारला : जे पोटात जाते, ते शरीरात कोठे साठते? २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी आपला आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो प्रसिद्ध केला. दोघांचेही उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ आणि आतून स्थूल, अशी ही भारतीय देहाची ठेवण. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात तिचे मूळ गर्भावस्थेपर्यंत मागे नेता आले. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील बालकांचे साडेतीन. परंतु आपल्या बालकांत जी कमतरता होती ती मुख्यतः स्नायूंची आणि अवयवांची, चरबीची नव्हे.

हे दोन धडे एकत्र वाचले पाहिजेत. ज्यांच्या आईआजीची उपासमार कॅलरींत मोजली गेली, त्यांच्याच मुलानातवंडांच्या यकृतात आज चरबी साठत आहे. याला केवळ श्रीमंतांचे दुखणे म्हणून हसण्यावारी नेता येणार नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात देशातील अनेक पाहण्या एकत्र केल्या असता प्रौढांमध्ये यकृतातील चरबीचे प्रमाण सुमारे ३८ टक्के आढळले. याच वस्तुस्थितीची दखल घेऊन केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये या विकाराचा असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या मार्गदर्शक सूचना सुधारून काढल्या. २०२३ मध्ये जागतिक तज्ज्ञांनी विकाराचे नावही बदलले. पूर्वीच्या नावात 'दारूविना होणारा' असा नकारात्मक उल्लेख होता. आता शरीरातील चयापचयाच्या बिघाडाशी त्याचा संबंध जोडला आहे. नावातील हा बदल वरवरचा नाही, हे पुढील हकिकतीवरून ध्यानात येईल.

चरबी आणि वण

लेखकाचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात जी अडीच लाखांच्या आसपास माणसे उतरली, त्यांत ते होते आणि आमच्या चाळीतील बहुतेक घरांतील पुरुष होते. संपानंतर मुले शिकली ती शिकली. जी शिकली नाहीत ती मिळेल त्या कामाला लागली. आमच्या मजल्यावरचा एक जण (सगळे त्याला दादा म्हणत) पुढे जुन्या गिरणीच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या एका उंच इमारतीच्या दारावर रखवालदार झाला. त्याचे वडील आठ तास साच्यांमागे उभे असत; हा बारा तास खुर्चीवर बसे. रात्रपाळीला वडापाव आणि तीन-चार कप गोड चहा. पस्तिशीनंतर मधुमेह जडला.

त्याच्या ५४ व्या वर्षी एका पहाटे त्याला रक्ताची उलटी झाली. यकृत निबर झाले होते, अन्ननलिकेतील शिरा फुगून फुटल्या होत्या. सिरोसिस हा शब्द चाळीत पसरायला वेळ लागला नाही आणि त्याचा अर्थ लावायलाही. "चोरून पीत असणार," असे लोक म्हणाले. तो बारा दिवसांनी गेला. दहाव्याला वहिनी लेखकाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, तुम्ही शिकलेले आहात म्हणून सांगते. देवाशपथ, यांनी कधी तोंडाला लावली नाही. पण माझं ऐकतंय कोण?"

पुढे विम्याच्या कामासाठी त्यांनी कागदांची प्लास्टिकची पिशवी लेखकाकडे दिली. तीत तीन वर्षांपूर्वीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधीचा रक्ताचा अहवाल होता. यकृताची दोन विकरे, ज्यांना अहवालात एएसटी आणि एएलटी म्हणतात, ती अनुक्रमे ५६ आणि ४९. प्लेटलेट्स १ लक्ष ३६ हजार. प्रत्येक आकडा मर्यादेच्या जरासा अलीकडे-पलीकडे. 'किरकोळ फरक' म्हणून कोणीही पान उलटावे असा.

पण यकृताच्या डॉक्टरांकडे 'फिब-४' नावाचे एक साधे सूत्र आहे. वयाला एएसटीने गुणावे. प्लेटलेट्सच्या हजारांतील आकड्याला एएलटीच्या वर्गमुळाने गुणावे. पहिल्याला दुसऱ्याने भागावे. दादाचे तेव्हाचे वय ५१. ५१ गुणिले ५६ म्हणजे २,८५६. ४९ चे वर्गमूळ ७; १३६ गुणिले ७ म्हणजे ९५२. भागाकार येतो बरोबर ३. हा भागाकार १.३ च्या आत असेल तर यकृतात फार वण पडले असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेला तर विशेषज्ञाकडे धाडलेच पाहिजे. सूत्र म्हणजे निदान नव्हे, ते फक्त बोट दाखविते. परंतु येथे ते बोट तीन वर्षे पिशवीत पडून होते. कोणत्याही कारकुनाला पाकिटाच्या पाठीवर करता आला असता असा भागाकार कोणी केला नाही.

येथेच एमआरआयच्या आकड्याची मर्यादा स्पष्ट होते. यकृतात चरबी किती हे तो सांगतो. यकृतात वण किती पडले हे सांगत नाही. आणि माणसाचे आयुर्मान ठरते ते मुख्यतः वणांवरून, ज्याला फायब्रोसिस म्हणतात. किंबहुना यकृत निबर होत गेले की त्यातील चरबी पुष्कळदा कमी होते. शेवटच्या वर्षी दादाच्या यकृतातील चरबी मोजली असती, तर कदाचित लेखकापेक्षाही 'बरा' आकडा आला असता! वणांचा अंदाज घेण्यासाठी यकृताचा कठीणपणा मोजणारी वेगळी उपकरणे आहेत, एमआरआयचाही तसा एक निराळा प्रकार आहे. परंतु पॅकेजच्या फलकावर जो टक्का लिहिलेला असतो, तो वणांचा नव्हे.

उलटी शिडी

तेव्हा हिशेब असा मांडावा लागतो. ज्याची प्रकृती धोक्यात नव्हती त्या प्राध्यापकाचे यकृत नऊ महिन्यांत दोनदा मोजले गेले. दुसऱ्या मोजणीने एक समाधान तेवढे मिळाले. वजनकाटा आणि कमरेची फीत यांनी जे आधीच सांगितले होते त्याहून वेगळे काही कळले नाही. सीमांत उपयोगिता घटत जाते हा नियम आम्ही शिकवतो, आणि तो मोडण्यासाठी पैसेही आम्हीच मोजतो. उलट ज्याची प्रकृती खरोखर धोक्यात होती, त्याच्या वाट्याला एक भागाकारही आला नाही. मोजमाप गरजेप्रमाणे न होता ऐपतीप्रमाणे होऊ लागले, की शिडी उलटी टेकली जाते.

यावर कोणी म्हणेल की मग महापालिकेच्या प्रत्येक रुग्णालयात ही तपासणी फुकट करावी. हेही बरोबर नाही. यंत्राची किंमत ही त्याच्या खरेदीपुरती नसते. ते चालविणारी, राखणारी आणि त्याच्या धोक्याची जाण असलेली माणसे लागतात. जानेवारी २०१८ मध्ये याच शहरातील एका सार्वजनिक रुग्णालयात प्राणवायूची टाकी घेऊन यंत्राच्या खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक चुंबकाकडे खेचला जाऊन प्राणास मुकला, हे विसरता येत नाही. आणि परळच्या रुग्णालयांच्या आवारात गावोगावाहून येऊन मुक्काम ठोकलेल्या रुग्णांकडे पाहिले की ध्यानात येते : मेंदूतील गाठ किंवा मणक्यावरचा दाब पाहण्यासाठी जे यंत्र हवे, त्याच्या रांगेत ज्यांचे काम फितीने भागेल अशी माणसे उभी करणे हा अन्यायच होईल.

शिडी सरळ टेकावयाची तर पहिली पायरी फितीची. भारतीय पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, की सावध व्हावे. वजनाचा निर्देशांक आपल्याकडे २३ लाच धोक्याचा मानावा. लेखकाचा निर्देशांक २२ होता, पण कंबर ९१. फितीने जे सांगितले ते काट्याने लपविले होते. दुसरी पायरी, ज्यांना मधुमेह आहे किंवा कंबर वाढलेली आहे त्यांच्या नेहमीच्या रक्ततपासणीतून तो भागाकार करण्याची. त्यासाठी नवीन यंत्र नको. प्रयोगशाळेचा संगणक जसा इतर आकडे छापतो तसाच हा एक आकडा छापू शकतो. तिसरी पायरी, ज्यांचा भागाकार संशयास्पद त्यांच्या यकृताचा कठीणपणा मोजण्याची. आणि एमआरआयचे मोजमाप त्यावरच्या पायरीवर, जेथे ते खरोखर अनन्य आहे : दात्यांसाठी, संशोधनासाठी, औषधांच्या चाचण्यांसाठी आणि जेथे इतर तपासण्यांचे एकमत होत नाही अशा रुग्णांसाठी.

उपायांच्या बाबतीतही हेच तारतम्य हवे. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम या औषधाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला यकृताच्या या विकारासाठी मान्यता मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु शरीराचे वजन पाच टक्क्यांनी उतरले की यकृतातील चरबी उतरू लागते आणि सात ते दहा टक्क्यांनी उतरले की दाहही कमी होतो, हे त्याआधीच सिद्ध झालेले आहे. अडचण अशी की हा उपाय फुकट वाटला तरी तो फुकट नाही. त्यासाठी चालायला वेळ लागतो, आणि बारा तासांची पाळी करणाऱ्याजवळ वेळ नसतो. त्यासाठी चालायला पदपथ लागतो. गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले, हे या परिसरातील वाचकांस सांगण्याची गरज नाही.

मोजमापाचे शास्त्र पुढे गेले याचा आनंद मानलाच पाहिजे. वीस सेकंदांच्या एका श्वासात, सुईविना, यकृतातील पाणी आणि चरबी वेगळी करून दाखविणारी ही विद्या विसाव्या शतकातील थोर विद्यांपैकी आहे. आमची तक्रार तिच्याविषयी नाही. सार्वजनिक दवाखान्यातील मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाच्या अहवालाखाली तो एक भागाकार छापला जावा, एवढी मागणी करावयाची आहे. तो छापण्यास जवळजवळ काहीच खर्च नाही, आणि म्हणूनच बहुधा तो विकण्यात कोणाला रस नाही. बाजाराला ज्यात रस नसतो ते काम शासनाचे, असेही आम्ही वर्गात शिकवतो.

वहिनींना तो भागाकार लेखकाने कागदावर करून दाखविला. दारूचा यात संबंध असलाच पाहिजे असे नाही, मधुमेह असलेल्यांना हे असे होऊ शकते, हेही समजावून सांगितले. त्यांनी तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "हे तेवढं खाली चौकातल्या मंडळींनाही सांगा." हा लेख त्यासाठीही आहे.